सायकलच्या चिमट्यावरची ब्रेक वायर नीट बांधायला असा कोणता वेळ लागते?

डोकं फिरलंय आज. मागच्या आठवड्यात पुढच्या डिस्क ब्रेकची वायर बदलायला सायकल दुकानात टाकली, इनर (आतली तार) आणि आउटर (तिच्यावरची नळी) दोन्ही नवीन, मजुरी मागितली तेवढी दिली, एक रुपया कमी करा म्हटलं नाही. आणि आज सकाळी इथं नागपुरात सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरून राहिलो होतो, खड्ड्यात पुढचा शॉकअप दबला आणि चाकातून खर्रर्र आवाज. उतार, मागून गाड्या, आणि पुढच्या चाकात काय घुसलं ते दिसत नाही! कसाबसा कडेला थांबलो तर आउटर टायरला घासून त्याचं काळं प्लॅस्टिक सोलून निघालं होतं, आतली लोखंडी गुंडाळी उघडी पडलेली. सात दिवसांत.

आता बांधलं कसं होतं ते ऐका. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, शॉकअप त्यातच. प्लॅस्टिकचा एक टाय खालच्या जाड पाइपवर, ते ठीक. दुसरा टाय वरच्या चकचकीत दांड्यावर, करकचून! अरे भाऊ, तो दांडा आत जातो, तेच तर त्याचं काम आहे. शॉकअप दबला की दोन टायमधलं अंतर कमी होते, आउटरची लांबी तर तेवढीच राहते, मग तो फुगून जाईल कुठं? आत, चाकाकडे. त्यात तो टाय खाली सीलवर, म्हणजे दांडा आत शिरतो तिथल्या रबरावर आदळते, दांड्यावर ओरखडे पडतात ते वेगळेच. हे समजायला इंजिनियर लागत नाही, हँडलवर जोर देऊन दोनदा दाबून पाहिलं असतं तरी दिसलं असतं. दोनदा दाबायचं होतं फक्त!

मी तेव्हाच म्हटलं होतं की वायर जरा विचित्र दिसून राहिली. तर उत्तर काय, "भाऊ, ब्रेक लागून राहिला ना? मग झालं." नाही झालं ना! हायड्रॉलिकमध्ये तेल असते, त्याला पाइप थोडा वळला तरी चालते, वायरच्या ब्रेकमध्ये प्रत्येक वळणाला इनर आतून घासते. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबते त्या भागाच्या) तोंडाशी आउटर सरळ जायला पाहिजे तिथं यांनी काटकोनात मोडल्यासारखा घुसवला होता, म्हणून लिव्हर सोडला तरी हळूहळू परत येत होता आणि पॅड डिस्कला घासत होता. आउटरचं तोंड पकडीनं चेपून कापलेलं, कानस नाही मारली, टोपी पण नाही लावली. आधी तर गिअरचाच आउटर लावून देत होता, "हाच चालते" म्हणे. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीनं सरळ असतात, ब्रेकचा जोर पडला की तो फाटू शकते, म्हणून तर ब्रेकचा 5 मिलिमीटरचा गुंडाळीवाला वेगळा येते. हे गिऱ्हाइकानं मेकॅनिकला सांगायचं?

आणि कंपन्यांवर पण तेवढाच राग आहे माझा. 15-20 हजारांची सायकल, पुढं डिस्क लावली म्हणून मोठ्या अक्षरांत सांगतात, आणि चिमट्यावर वायर पकडायला एक क्लिप नाही की भोक नाही. आउटर इतका लांब सोडतात की हँडलसमोर हा मोठा फास लोंबकळत असते, पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीच्या हँडलला अडकते.

घरी येऊन दुपारी गॅलरीत बसून सगळं उपसलं. उजव्या लिव्हरपासून हँडलसमोरून मोठं वळण, तिथून चिमट्याच्या डाव्या पायाच्या मागून खाली, हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं की ताण येते का. मग कॅलिपरच्या थोडं वर एक टाय, चिमट्याचे दोन पाय जोडणाऱ्या कमानीच्या जवळ एक टाय, दोन्ही खालच्या पाइपवरच, वर काहीच नाही. वरचं वळण मोकळं ठेवलं की शॉकअप दबला तर ते समोर फुगते, चाकाकडे जात नाही. टाय काळेच घेतले, पांढरे आपल्याकडच्या उन्हात कडक होऊन तुटतात, आणि मे महिन्यात नागपूरचं ऊन काय असते ते सांगायला नको. टायची शेपटी नेलकटरनं बरोबर बुडाशी कापा, नाहीतर तिची धार पोटरीला लागते. वीस मिनिटं लागली मला, मी काही मेकॅनिक नाही, नवीन आउटर कापण्यापासून सगळं धरून वीस मिनिटं!

पोरं चालवतात हो या सायकली, शाळेत जातात, ट्युशनला जातात, शंकरनगरच्या ट्रॅफिकमधून जातात. त्यांना कळणार आहे का आउटर कुठं घासून राहिला?

सोललेला आउटर जपून ठेवलाय. उद्या दुकान उघडलं की नेऊन त्याच्या हातात देणार आहे. पैसे परत नको मला, त्यानं फक्त ती उघडी पडलेली गुंडाळी बोट फिरवून पाहावी, माझ्यासमोर.