‘मराठीत तीनच क्रियापदे आहेत’ या दाव्याचा प्रतिवाद

मुंबईत शाळाप्रवेशाचे दिवस आले की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा, की वस्तू जागी ठेवणे, जागेवरून काढणे आणि एकमेकींत गुंफणे या क्रियांसाठी इंग्रजीत डझनावारी शब्द आहेत, त्यांतल्या प्रत्येकाला एकच काटेकोर अर्थ आहे आणि ते उपसर्ग व धातू जोडून तर्कशुद्ध रीतीने घडले आहेत. उलट मराठीपाशी ‘ठेवणे’, ‘हलवणे’ आणि ‘विणणे’ एवढीच तीन क्रियापदे असल्यामुळे तांत्रिक शिक्षण मराठीतून देता येणार नाही. हा मजकूर वाचून आईवडील मुलांचे माध्यम ठरवतात, म्हणून त्यातील मुद्दे एकेक करून तपासले पाहिजेत.

पहिला मुद्दा तीन क्रियापदांचा. आपण पाट मांडतो, विटा रचतो, खांब रोवतो, पदर खोचतो, अंगठीत खडा जडवतो, बाटलीला बूच बसवतो आणि ताटात भात वाढतो. यांपैकी कोणत्याही ठिकाणी ‘ठेवतो’ घातले तर वाक्य एक तर चुकते किंवा दुसरेच काही सांगते. जागेवरून काढण्याच्या क्रियांतही हीच बारकाई दिसते. लोकलच्या डब्यात चौथ्या सीटसाठी आपण ‘सरका’ म्हणतो, ‘हटा’ म्हटले तर भांडण होते. खांदा निखळतो, शिवण उसवते, रोप उपटले जाते, फरशी उखडते. गणेशोत्सवात उत्तरपूजा झाली की विसर्जनापूर्वी मूर्ती जागेवरच किंचित हलवतात, आणि या विधीसाठी ‘हलवणे’ हेच क्रियापद घरोघर वापरले जाते. ‘सरकवणे’ किंवा ‘काढणे’ तिथे कोणाच्या तोंडी येत नाही.

गुंफण्याच्या क्रिया पाहायच्या तर दादरच्या फूलबाजारात थोडा वेळ थांबावे. मोगऱ्याच्या कळ्या सुईने दोऱ्यात घेतल्या तर तो गजरा ओवलेला असतो, आणि कळ्यांच्या प्रत्येक जोडीभोवती दोऱ्याचा फास टाकून ती आवळत नेली तर तो गुंफलेला असतो. दोन्ही गजरे लांबून सारखे दिसले, तरी ओवलेल्याचा दोरा तुटला की कळ्या ओघळतात आणि गुंफलेल्यातल्या बऱ्याचशा फासात अडकून राहतात. याखेरीज दोर वळतात, केसांची वेणी घालतात, जाळे विणतात, गाठ मारतात, आणि त्या गाठीतही निरगाठ व सुरगाठ असा भेद आपण करतो.

एका ठिकाणी मात्र इंग्रजी खरोखरच अधिक बारकाईने बोलते, हे मान्य केले पाहिजे. एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकवून स्वेटर होतो, तर उभ्या आणि आडव्या अशा दोन वेगळ्या धाग्यांच्या संचांतून कापड होते. इंग्रजीत पहिल्याला ‘निट’ आणि दुसऱ्याला ‘वीव्ह’ म्हणतात, मराठीत दोन्हीला ‘विणणे’च म्हणतात. परंतु यावरून एवढेच कळते की प्रत्येक भाषा आपापल्या जागी रेषा ओढते. मेलिसा बोवरमन आणि सुंजा चोई या भाषाअभ्यासकांनी 1991 मध्ये इंग्रजी आणि कोरियन भाषा शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हाच फरक पुढे आला होता: वस्तू दुसऱ्या वस्तूत किंवा दुसरीवर घट्ट बसली की कोरियनमध्ये एक विशिष्ट क्रियापद येते, तर इंग्रजीत ‘आत’ आणि ‘वर’ हा भेद महत्त्वाचा ठरतो. या फरकामुळे दोहोंपैकी कोणतीच भाषा तोकडी ठरत नाही.

प्रत्येक इंग्रजी शब्दाला एकच अर्थ असतो, हा दुसरा मुद्दा इंग्रजीचा कोणताही शब्दकोश उघडताच कोसळतो. ‘पुट’ला निरनिराळी अव्यये जोडून कपडे घालणे, दिवा विझवणे आणि काम पुढे ढकलणे असे तिन्ही अर्थ निघतात, आणि ‘सेट’च्या अर्थांची नोंद ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात कित्येक पाने व्यापते. आपले ‘लावणे’ही असेच आहे: दार, दिवा, झाड, कुंकू, नंबर, सगळे आपण लावतोच. रोजच्या वापरातले क्रियापद अनेकार्थी होणे ही सर्वच भाषांची रीत आहे.

तिसरा मुद्दा तर्कशुद्ध घडणीचा आहे आणि तो अधिक फसवा आहे. ‘डिस्प्लेस’ म्हणजे जागेवरून हलवणे; त्यातील ‘प्लेस’ फ्रेंच आणि लॅटिनमार्गे ‘रुंद रस्ता’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत जातो. ‘इंटरलेस’ म्हणजे एकमेकांत गुंफणे; त्यातील ‘लेस’चे मूळ फास या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. इंग्रज मुलाला यांतला रस्ताही दिसत नाही आणि फासही दिसत नाही. ‘कंपोज’, ‘डिपोज’, ‘इंपोज’ यांमधील ‘पोज’ तर ‘थांबणे, विसावणे’ या अर्थाच्या उत्तरकालीन लॅटिन क्रियापदापासून आलेला असून, ‘ठेवणे’ अर्थाच्या दुसऱ्याच लॅटिन क्रियापदाशी त्याची गल्लत होऊन त्याला आजचा अर्थ चिकटला. हे शब्द इंग्रजीने उसने घेतले आणि वापरून आपले केले, आणि त्यात काही वावगे नाही. मग ‘विस्थापन’ संस्कृतातून घेतले म्हणून मराठीला कृत्रिम का ठरवायचे? आपल्या शालेय पुस्तकांत पदार्थविज्ञानातील विस्थापन आहे, रसायनातील विस्थापन अभिक्रिया आहे, आणि धरणामुळे विस्थापित झालेली माणसे तर वर्तमानपत्रातून प्रत्येकाच्या ओळखीची आहेत.

राहिला तांत्रिक शिक्षणाचा निष्कर्ष, आणि त्याला उत्तर याच शहराने दिलेले आहे. मुंबईतली पहिली कापडगिरणी 1854 मध्ये कावसजी दावर यांनी स्थापन केली. पुढे 1982 च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांच्यात मराठी बोलणारे बहुसंख्य होते. लँकेशायरच्या यंत्रांवर त्यांनी पिढ्यानपिढ्या काम केले ते मराठीतून: यंत्रमागाला ते ‘साचा’ म्हणत, उभे आणि आडवे धागे ताणा आणि बाणा होते, धाग्यांमधून धावणारा तो धोटा, आणि गैरहजर माणसाच्या जागी उभा राहणारा तो ‘बदली’. सूत गुंडाळायची बॉबिन मात्र बॉबिनच राहिली, कारण नवी वस्तू स्वतःचे नाव घेऊन आली होती, आणि त्याने कोणाचे काम अडले नाही. आजच्या अभियांत्रिकीच्या वर्गातही हेच करता येते. टीव्हीच्या चित्राबाबत ‘इंटरलेस्ड’ हा शब्द खुशाल तसाच लिहावा, आणि पुढे सांगावे की पडद्यावर आधी विषम क्रमांकाच्या आणि मग सम क्रमांकाच्या ओळी उमटतात, म्हणजे चित्र एकाआड एक ओळींनी पूर्ण होते. ‘एकाआड एक’ म्हणजे काय, हे मराठी मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.