आधी स्पंज, मग सजावट

वाढदिवसाच्या केकचे फोटो बघताना हल्ली एक गोष्ट सारखी खटकते. वरती फुलं, मोती, रंगांच्या छटा, सगळं देखणं. कापल्यावर आत मात्र कोरडा, ठिसूळ स्पंज. घरी केक करायचा तो खाण्यासाठी, आणि सजावटीचा निम्मा जीव स्पंजमध्येच असतो, हे माझं ठाम मत.

खरं काम लोणी-साखर फेटण्यात आहे. साखरेच्या दाण्यांमुळे लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, आहेत तेच फुगवते. म्हणून मिश्रण पांढरट आणि हलकं होईपर्यंत फेटत राहायचं. फ्रिजमधली गार अंडी थेट घातली की लोणी आकसतं, मिश्रण फुटतं आणि केलेली मेहनत वाया जाते. मैदा घातल्यावर मात्र हात आवरता घ्या, नाहीतर केक चिवट होतो.

टिनचंही तसंच. ६ इंची केकची रेसिपी ८ इंची टिनमध्ये करायची तर साहित्य अंदाजाने थोडं वाढवून भागत नाही. क्षेत्रफळाचं प्रमाण ३६ ला ६४ आहे, म्हणजे पावणेदोन पट साहित्य हवंच. केक बसका झाला की बिचाऱ्या ओव्हनला नावं ठेवली जातात!

आणि स्पंज आदल्या दिवशीच भाजा, ही अगदी कळकळीची विनंती. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळतं, मग कोमट केकवर बटरक्रीम, म्हणजे लोणी आणि साखर फेटून केलेलं क्रीम, टिकणार कसं? पूर्ण गार झालेला केक क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून ठेवला की दुसऱ्या दिवशी थर सरळ कापले जातात, भुगाही कमी पडतो. उरलेला भुगा क्रम्ब कोटमध्ये अडकतो. क्रीमचा हा थर इतका पातळ द्यायचा की आतला केक दिसला पाहिजे. मग अर्धा तास फ्रिज. त्यानंतरचा थर देताना टर्नटेबल, म्हणजे केकखालचं फिरतं स्टँड, एका हाताने संथ फिरवायचं आणि स्क्रॅपरचा (क्रीम सपाट करायच्या पट्टीचा) हात अजिबात हलवायचा नाही. वरच्या काठावर उभं राहिलेलं क्रीम बाहेरून मध्याकडे ओढून घेतलं की कडा धारदार येते.

गडद लाल आणि काळ्या रंगाचा हट्ट मला पटत नाही. रंग ओतत गेलं की क्रीम कडवट लागतं. जेल रंग घालून बटरक्रीम काही तास तसंच ठेवा, छटा आपोआप गडद होते.

क्रीमच्या पिशवीच्या टोकाला लावायचं नोझल एकच घ्यायचं असेल तर मोठं ओपन स्टार, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या तोंडाचं, घ्या. गुलाब, शिंपले, कडेची नक्षी, सगळं त्यातून निघतं. आधी बटर पेपरवर काढून बघा. ते क्रीम खरवडून परत पिशवीत भरता येतं.