'लहान व्यापाऱ्याला सायबर चोरांची भीती नाही' या संदेशाला मुद्देसूद उत्तर

नाशिकच्या व्यापाऱ्यांच्या आणि लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांवर गेले काही आठवडे एक लांबलचक संदेश फिरतो आहे. 'छोट्या व्यावसायिकांनो, सायबरच्या भीतीपोटी पैसे उधळू नका' असे त्याचे शीर्षक असून त्यात पाच मुद्दे मांडले आहेत. चोर मोठ्या कंपन्यांच्या मागे असतात, लहानांच्या नाही. अँटीव्हायरस टाकला की संगणकाची काळजी मिटते. ओटीपी कोणाला सांगितला नाही तर खात्यातून पैसे जाऊच शकत नाहीत. तरीही गेलेच तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक ते भरून देते. आणि पोलिसांकडे जाऊन वेळ व अब्रू जाते, हाती काही लागत नाही. मी रविवार कारंजा आणि मेन रोड परिसरातील काही दुकानांचे, तसेच अंबड व सातपूरमधील लहान कारखान्यांचे हिशेब पाहतो. त्यांच्यापैकी तिघांनी हा संदेश मला पाठवून 'हे खरे आहे ना?' असे विचारले, आणि एकाने तर तो वाचून संगणकाच्या बॅकअपचा ठरलेला खर्च रद्द केला. त्यामुळे प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा असा की, आपल्याकडे चोरण्यासारखे आहे काय? हल्ला करणारा माणूस नाशिकच्या नकाशावर बोट ठेवून दुकान निवडतो, असे हा मुद्दा गृहीत धरतो. प्रत्यक्षात बहुतेक हल्ले घाऊक असतात. एकच फसवी लिंक हजारो क्रमांकांवर जाते आणि जो ती उघडतो तो सापडतो. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका लहानशा कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि पाहता पाहता जगभर पसरला. नाशिकची द्राक्षे ज्या बंदरातून परदेशी जातात, त्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले आणि ते टर्मिनल चालवणाऱ्या मेर्स्क समूहाला एकूण २० ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला. या साखळीची सुरुवात एका छोट्या कंपनीच्या संगणकापासून झाली होती. अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीतून २०१३ मध्ये सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हाही चोर आत शिरले ते वातानुकूलन आणि शीतकरणाची कामे करणाऱ्या एका लहान कंत्राटदाराचा पासवर्ड वापरून. अंबड आणि सातपूरमधले कित्येक वर्कशॉप मोठ्या कारखान्यांचे पुरवठादार आहेत, त्यांच्या पोर्टलवर रोज लॉगिन करतात आणि त्यांना ईमेलने बिले पाठवतात. ही ओळख आणि हा विश्वास चोराच्या दृष्टीने गल्ल्यातल्या रोकडीपेक्षा अधिक मोलाचा आहे. शिवाय चालू खाते आणि कॅश क्रेडिटची (बँकेने धंद्यासाठी दिलेल्या फिरत्या कर्जाची) मर्यादा लहान व्यावसायिकाकडेही असतेच, आणि त्यावर लक्ष ठेवायला स्वतंत्र माणूस मात्र नसतो.

अँटीव्हायरसच्या मुद्द्याला फार जागा देण्याचे कारण नाही. अँटीव्हायरस असावाच, पण ज्या संगणकाची मूळ प्रणालीच जुनी आहे त्याला तो एकटा पुरा पडत नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तरीही हिशेबाचा संगणक म्हणून या दोन्ही प्रणाली अनेक दुकानांत आजही चालू आहेत. फायलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या, १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या प्रोग्रामने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी जवळजवळ दोन महिने, १४ मार्चलाच दिलेली होती. ज्यांनी अपडेट पुढे ढकलले त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. बॅकअपचा खर्च रद्द करणाऱ्या माझ्या परिचितांना मी हेच सांगितले. त्यांचा बॅकअप म्हणजे संगणकाला कायम जोडून ठेवलेला पेनड्राइव्ह आहे, आणि फायलींना कुलूप घालणारा प्रोग्राम त्या पेनड्राइव्हलाही सोडत नाही. रोजचे काम संपल्यावर एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घेऊन ती काढून कपाटात ठेवणे आणि दुसरी प्रत दुकानाबाहेर ठेवणे, एवढे तरी हवे. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून हिशेब खरोखर उघडतो का, हेही पाहायला हवे. तपासून न पाहिलेल्या बॅकअपच्या भरवशावर राहता येत नाही.

तिसरा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच मला तो सर्वांत घातक वाटतो. ओटीपी कोणाला सांगू नये हे बरोबरच आहे, परंतु त्यावरून 'मी ओटीपी सांगितला नाही, म्हणजे मी सुरक्षित' असा जो निष्कर्ष काढला जातो तो चूक आहे. यूपीआयने पैसे पाठवताना ओटीपी मुळात लागतच नाही, पिन लागतो. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, ही गोष्ट काउंटरवरच्या पोराला माहीत नसते. लग्नाची पत्रिका किंवा वाहतुकीचे चलान म्हणून आलेली एपीके फाइल (म्हणजे उघडली की ॲप बसवणारी फाइल) मोबाइलमध्ये बसली आणि तिने मागितलेल्या परवानग्या दिल्या गेल्या, की ती ओटीपीचे एसएमएस परस्पर वाचून पुढे पाठवू शकते. मालकाला काही सांगावे लागत नाही. सिमकार्डाची दुसरी प्रत फसवून काढली गेली तर ओटीपी थेट चोराच्या हातात पडतो, म्हणून फोनचे नेटवर्क अचानक गेले आणि बराच वेळ आले नाही तर दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला आणि मग मोबाइल कंपनीला कळवावे. आधार क्रमांक आणि बोटाच्या ठशावर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सोयीलाही ओटीपी लागत नाही. तो धोका आधारचे बायोमेट्रिक लॉक करून टाळता येतो.

याहून मोठा धोका मात्र असा आहे की, मालक स्वतःच्या हाताने, स्वतःचा ओटीपी टाकून, पूर्ण खात्रीने चुकीच्या खात्यात पैसे भरतो. २०२४ च्या पावसाळ्यात अंबडमधल्या एका वर्कशॉपमध्ये हे मी जवळून पाहिले. शुक्रवारी संध्याकाळी लोखंडाच्या पुरवठादाराकडून मेल आला की, लेखापरीक्षणामुळे आमचे नेहमीचे खाते काही दिवस बंद आहे, तरी बिलाची रक्कम खालील खात्यात भरावी. बिलाचा क्रमांक अचूक होता, रक्कम पैशापर्यंत बरोबर होती, खाली नेहमीची सही आणि शिक्का होता, आणि मेल जुन्याच संभाषणाच्या पुढे जोडलेला होता. शनिवारी सकाळी ३ लाख ८५ हजार रुपये आरटीजीएसने, म्हणजे मोठी रक्कम बँकेतून लगेच पाठवण्याच्या सोयीने, गेले. बुधवारी पुरवठादाराचा फोन आला, "अहो शेठ, अजून पेमेंट दिसत नाही." मालक म्हणाले, "शनिवारीच टाकलं की तुमच्या नव्या खात्यात." त्यावर पलीकडून उत्तर आले, "आमचं खातं बदललेलंच नाही."

त्या दिवशी दुपारी आम्ही तो मेल मोठ्या पडद्यावर उघडून अक्षर अक्षर वाचला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात इंग्रजी 'एम' या अक्षराच्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे शेजारी शेजारी टाकली होती. मोबाइलच्या पडद्यावर ती तंतोतंत 'एम'सारखी दिसत होती. मग वर्कशॉपच्या मेलची सेटिंग तपासली तेव्हा कळले की, 'बिल' आणि 'पेमेंट' हे इंग्रजी शब्द असलेला प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर आपोआप पुढे पाठवला जात होता. मालक, त्यांचा मुलगा आणि अकाउंटंट असे तिघे एकच मेल एकाच पासवर्डने वापरत होते, आणि तो पासवर्ड होता फर्मचे नाव आणि एक-दोन-तीन. चोर कित्येक दिवस शांतपणे त्यांचा पत्रव्यवहार वाचत बसला होता. या संपूर्ण प्रकारात ओटीपी कोणीही कोणाला सांगितला नव्हता.

हे टाळण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पुरवठादाराने खाते बदलल्याचे कळवले, तर मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर आपल्या जुन्या बिलबुकातल्या क्रमांकावर फोन करून त्याच्या तोंडून खात्री करावी. मेलला दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) लावावी आणि महिन्यातून एकदा फॉरवर्डिंगची, म्हणजे मेल आपोआप पुढे पाठवण्याची, सेटिंग उघडून पाहावी. बँकेकडून चालू खात्यावर अशी सोय करून घ्यावी की, व्यवहार एकाने भरायचा आणि मंजुरी दुसऱ्याने द्यायची. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी (बँकेतून रक्कम पाठवण्याची दुसरी पद्धत) करतानाही खाते क्रमांक आणि बँक शाखेचा आयएफएससी कोड टाकल्यावर खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय आली आहे. अंबडच्या त्या मालकांना ती तेव्हा मिळाली असती, तर फर्मऐवजी कोणा अनोळखी व्यक्तीचे नाव पाहून त्यांचा हात थांबला असता.

दुकानांच्या बाबतीत हीच सवय आणखी सोपी आहे. काउंटरवरच्या क्यूआर कोडवर रात्रीतून दुसरा कोड चिकटवला जाऊ शकतो, म्हणून सकाळी शटर उघडल्यावर तो स्वतःच्या फोनने स्कॅन करून नाव पाहावे. आणि ग्राहकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर नव्हे, तर साउंडबॉक्सच्या आवाजावर किंवा आपल्या खात्यातील नोंदीवर विश्वास ठेवून माल द्यावा. सिंहस्थासाठी पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरच्या लॉजमालकांना बाहेरगावाहून आगाऊ बुकिंगचे असंख्य फोन येतील, तेव्हा 'चुकून जास्त पैसे पाठवले, परत करा' म्हणणाऱ्याला उत्तर देण्याआधी खात्यात खरोखर किती जमा झाले हे पाहण्याची शिस्त त्यांनाही लागेल.

चौथा मुद्दा रिझर्व्ह बँकेचे नाव घेतो, म्हणून लोक त्यावर चटकन विश्वास ठेवतात. मूळ परिपत्रक ६ जुलै २०१७ चे आहे आणि ते सरसकट भरपाईचे आश्वासन देत नाही. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार पडत नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, दोष यंत्रणेत अन्यत्र आहे, अशा वेळी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवले तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या चालू किंवा कॅश क्रेडिट खात्यासाठी ती जास्तीत जास्त १० हजार रुपये. त्यानंतर मात्र त्या बँकेचे धोरण जे ठरवील ते. परंतु ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचेच असते. आणि हे सर्व अनधिकृत व्यवहारांपुरते आहे. अंबडच्या मालकांनी स्वतः मंजूर केलेला भरणा या चौकटीत बसत नव्हता, आणि त्यांच्या बँकेने ते लेखी कळवले. म्हणजे 'बँक देईल' म्हणून थांबणारा माणूस नेमका तो वेळ घालवतो, ज्या वेळेवर त्याचा हक्क अवलंबून आहे.

पोलिसांकडे न जाण्याच्या पाचव्या मुद्द्याच्याही मुळाशी हाच वेळ आहे. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या यंत्रणेशी जोडलेला आहे; तक्रार नोंदली की रक्कम ज्या बँकेत पोहोचली तिच्याकडे सूचना जाते आणि खात्यात जे शिल्लक असेल ते रोखून धरता येते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते, म्हणजे चोराला रविवार आणि दिवाळी सारखीच. पहिल्या तासात केलेला फोन आणि चौथ्या दिवशी केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अंबडच्या प्रकरणात पाचव्या दिवशी फक्त २१ हजार रुपये गोठवता आले, कारण उरलेले तोवर अनेक खात्यांत वाटले गेले होते. १९३० लागला नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार करता येते, आणि नाशिक शहर व नाशिक ग्रामीण अशा दोन्ही पोलीस दलांची स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे न पाहता माहिती नोंदवून घ्यावी लागते, तेव्हा 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर मान्य करण्याची गरज नाही. जाताना यूटीआर क्रमांक (बँकेतल्या प्रत्येक व्यवहाराला मिळणारा स्वतंत्र क्रमांक), खात्याचा उतारा आणि मूळ मेल किंवा चॅट न पुसता सोबत न्यावे.

अब्रूचे म्हणाल, तर अंबडचे ते मालक दोन दिवस घरीही काही बोलले नव्हते, आणि त्यांची ती अवस्था आठवली की मला या पाचव्या मुद्द्याचा सर्वांत जास्त राग येतो. पोलिसांना टाळण्यात आणखी एक अडचण आहे. फसवणुकीचे पैसे फिरत फिरत एखाद्या प्रामाणिक दुकानदाराच्या खात्यात ग्राहकाकडून येतात आणि त्याचे खाते गोठते. अशा वेळी पक्के बिल, मालाची पावती आणि वेळेवर केलेला पत्रव्यवहार हीच त्याची बाजू असते. जो पोलिसांपासून दूर राहायचे ठरवून बसला आहे, तो ही बाजू मांडायलाही उशीर करतो.

ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांनी त्याच गटांवर निदान चौथा आणि पाचवा मुद्दा मागे घेतल्याचे लिहावे आणि सोबत १९३० हा क्रमांक द्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.