गोधडी, काका आणि 25 रुपये

परवा काकांना मेल आला. पार्सल गोदामात आलंय, पत्ता अपूर्ण असल्यामुळे दोनदा प्रयत्न करूनही देता आलं नाही, 48 तासांत पत्ता दुरुस्त करा, नाहीतर परत जाईल. वर पोस्टाचा लोगो. आत्यानं शिवलेली गोधडी पोस्टानं निघालेली, काकूची आठ दिवस वाटेकडे नजर. काकांनी लिंक उघडली, पत्ता भरला, 25 रुपये भरायला कार्डाचा नंबरही टाकला. ओटीपीचा मेसेज मात्र नशिबानं नीट वाचला. रक्कम होती 24,999.

कार्ड लगेच बंद केलं. पण घरच्या ग्रुपवर जी खिल्ली उडाली, ती मला सहन झाली नाही. "बँकेत 35 वर्षं काढलीत ना काका?" अरे, ज्याचं खरंच पार्सल यायचंय त्याला असा मेल खराच वाटणार! चोर हजारोंना एकच मेल पाठवतो, त्यातल्या कुणाची ना कुणाची गोधडी वाटेत असतेच. आणि हसलात की पुढच्या वेळी माणूस गप्प बसतो. पैसे गेले तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लगेच जायला हवा, तेव्हा हा लाजेपोटी दोन दिवस घालवतो.

"भाषेतल्या चुका बघा" हा सल्लाही आता पुरे. चोरांची भाषा सुधारली. आपल्याकडे खऱ्या सरकारी पत्रांचं मराठीच संशयास्पद असतं. बघायचं ते लिंकमधलं नाव. पोस्टाची साइट 'इंडियापोस्ट डॉट जीओव्ही डॉट इन'. काकांच्या लिंकमध्येही सुरुवातीला 'इंडियापोस्ट' होतंच, पण पहिल्या एकेरी तिरक्या रेघेआधीचा शेवट होता 'डॉट टॉप'. मोबाइलवर तेवढं कोण वाचतं? म्हणून मी तर म्हणते, लिंकला हातच लावू नका. स्पीड पोस्टच्या पावतीवर 13 खुणांचा नंबर असतो: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे, शेवटी 'आयएन'. ज्यानं पाठवलंय त्याच्याकडून तो मागून घ्या आणि पोस्टाच्या साइटवर स्वतः टाकून बघा. काकांच्या मेलमध्ये असा नंबरच नव्हता. असले मेसेज खोटे असल्याचं पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या, फॅक्ट चेकनं केव्हाच सांगितलंय, पण ते काकांपर्यंत पोचवणार कोण? ग्रुपवर गुड मॉर्निंग मात्र रोज पोचतं.

गोधडी गुरुवारी आली. आत्यानं पत्त्यात इमारतीचं नावच लिहिलं नव्हतं. पोस्टमन म्हणाला, "आडनावावरून ओळखलं, काकू. पाणी द्या जरा."