ईसॉप दिले म्हणून माणूस थांबत नाही

काल ठाणे-वाशी लोकलमध्ये जुन्या टीममधला एक मुलगा भेटला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे म्हणून लिहितेय, थोडं लांब झालंय पण वाचा.

आम्ही दोघं महापेला एका स्टार्टअपमध्ये होतो, मी टेस्टिंगला, तो बॅकएंडला. पगार बाहेरच्यापेक्षा कमी, पण ऑफर लेटरमध्ये 2000 स्टॉक ऑप्शन्स (हेच ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात विकत घ्यायचा हक्क), चार वर्षांचं व्हेस्टिंग (म्हणजे तो हक्क चार वर्षांत पूर्ण आपला होणार), पहिलं वर्षभर हातात काही नाही (ते कायद्यातच आहे, ग्रँट, म्हणजे ऑप्शन्स देणं, आणि व्हेस्टिंगमध्ये किमान एक वर्ष जावं लागतं). "तुम्ही नोकर नाही, मालक आहात" असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं. आणि हा मुलगा खरंच घरचं काम असल्यासारखा राबला, रात्री दोनला सर्व्हर पडला तरी हाच उठायचा, कोणी सांगायला लागायचं नाही.

चौथ्या वर्षी गणपतीत काय झालं ते मी समोर बसून बघितलंय. गाव कणकवलीजवळ, कोकण रेल्वेचं बुकिंग उघडलं त्याच सकाळी तिकीट काढलेलं, रजा मंजूर. निघायच्या आदल्या संध्याकाळी साडेसातला मॅनेजरचा मेसेज आला, रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन, अलीकडे घेतलाय, रजा कॅन्सल. तोही ग्रुपवर, सगळ्यांसमोर. त्याने आईला फोन लावला, "यंदा नाही जमत गं" एवढंच म्हणाला आणि परत स्क्रीनकडे वळला. रिलीज त्या आठवड्यात झालाच नाही. दिवाळीनंतर त्याने पेपर टाकले.

आता पुढचं नीट वाचा, कारण हे आपल्याला कोणी सांगत नाही. चार वर्षं झालेली, म्हणजे ऑप्शन्स पूर्ण व्हेस्ट झालेले. पण लेटरमध्ये बारीक अक्षरात होतं की नोकरी सोडल्यावर 90 दिवसांत एक्झरसाइज करायचे, म्हणजे पैसे भरून शेअर घ्यायचे, नाहीतर गेले. एमआयडीसीतल्या टपरीवर चहा घेताना त्याने मोबाईलवर हिशोब करून दाखवला. एक्झरसाइज प्राइस 10 रुपये, व्हॅल्युएशनप्रमाणे शेअर 400 चा. 20,000 भरायचे, आणि मधला 7,80,000 चा फरक पगार म्हणून धरला जाणार, 30 टक्क्यांचा स्लॅब, सेस धरून 2,43,360 टॅक्स. शेअर अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नाहीत, विकायला गिऱ्हाईक नाही, म्हणजे पैसे आलेलेच नाहीत आणि टॅक्स मात्र आत्ता. 2020 च्या बजेटमध्ये हा टॅक्स पुढे ढकलायची सवलत आली, पण ती ठरावीक सर्टिफिकेट असलेल्या स्टार्टअपनाच, आणि नोकरी सोडली की तीही संपते. त्याने ऑप्शन्स सोडून दिले. चार वर्षांची मेहनत अशी नव्वद दिवसांत गेली.

फ्लिपकार्टमध्ये 2018 ला वॉलमार्ट आली तेव्हा लोकांना पैसे मिळाले, स्विगी 2024 ला शेअर बाजारात लिस्ट झाली, ही उदाहरणं खरी आहेत, मी नाकारत नाही. पण कंपनी लिस्ट झाली, कोणी विकत घेतली किंवा बायबॅक केला, म्हणजे कंपनीनेच शेअर परत विकत घेतले, तरच. तोपर्यंत माणूस रोज सकाळी ऑफिसला येतो तो तिथे कसं वागवतात यावर. माझं मत स्पष्ट आहे, ईसॉप हे वागणुकीच्या बदल्यात देता येत नाहीत, आणि ते 90 दिवसांचं कलम हेही कंपनीचं कल्चरच आहे, जाणाऱ्या माणसाबद्दल कंपनीला काय वाटतं ते तिथे लिहिलेलं असतं.

आता मी वागळे इस्टेटला एका छोट्या कंपनीत आहे. ऑप्शन्स कमी आहेत. पण फाउंडरने आम्हाला व्हाइटबोर्डासमोर बसवून टॅक्ससकट सगळं समजावलं, नोकरी सोडल्यावर एक्झरसाइजला पाच वर्षांची मुदत ठेवलीय, आणि गणपतीत रिलीज नाही हे जूनमध्येच कॅलेंडरवर टाकलेलं असतं. तीन वर्षांत आमच्या बारा जणांतून दोघंच गेलेत, आणि ते दोघंही अजून जेवायला येतात.

ठाणे-नवी मुंबईत कोणाच्या हातात ईसॉपवालं ऑफर लेटर असेल आणि ते कलम सापडत नसेल तर मला मेसेज करा, शनिवारी बसून एकत्र वाचू. सही करायच्या आधी मात्र.