पितळी झाकणाची दौत: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. माझ्या हिरव्या, मोरपिशी झळाळीच्या दौतीवरील लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. काचेवर सही नसताना मी ती ‘लोएट्झ’ची म्हटली हा पहिला, आणि पितळी झाकण दुसऱ्याच कारागिराचे असल्यामुळे ती जोडकाम म्हणून बनावट ठरते हा दुसरा. पहिला मला मान्य आहे, दुसरा नाही.

बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) लोएट्झ काचकारखान्याचा बराचसा माल बिनसहीचाच बाहेर पडत असे, त्यामुळे सही नसणे हा विरुद्ध पुरावा होत नाही. तो बाजूचाही होत नाही, हे मात्र मी विसरलो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोएट्झला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पण लोएट्झसारखीच झळाळती काच क्रालिक, रिंडस्कोप्फ अशा बोहेमियातल्याच इतर कारखान्यांतही होत होती, आणि आज विक्रेते तो सगळा माल एकाच नावावर खपवतात. लेखातली ती ओळ बदलून मी आता ‘बोहेमिया, साधारण १९००’ असे लिहिले आहे.

झाकणाचे तसे नाही. काचकारखाने आपली भांडी धातुकाम करणाऱ्यांना विकत आणि ते त्यांवर कडे, बिजागरी, झाकण बसवून लेखनमेजाचे साहित्य तयार करत. म्हणून दोन हात असणे हीच अशा दौतींची नेहमीची रीत होती. नंतरची जोडणी ओळखायची तर कड्याखाली पाहावे. माझ्या दौतीच्या काचेची कड मुळातच सपाट घासलेली आहे, कडे तिच्यावर फट न राहता बसते, आणि कडे काचेला पक्के करणारे आतले प्लास्टर सर्वत्र एकसारखे पिवळले आहे. शाईसाठी आत वेगळी काचेची वाटी आहे. लोहयुक्त शाई आम्लधर्मी असल्याने ती पितळ खाते, आणि झाकणाच्या आतल्या बाजूस कळकाचे हिरवे डाग आहेत, म्हणजे दौत प्रत्यक्ष वापरात होती. (माझी पहिली दौत मी हौसेने चिंचेने घासून लख्ख केली आणि असे सारे डाग धुऊन टाकले, हे इथे कबूल करतो.)

बिजागरीची खीळ मात्र नवी आहे. ती लेखात नोंदवायची राहिली होती, आज नोंदवली.