स्प्रिंगवर पंप चालत नाही, आगाऊ पैसे भरू नका

खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय: ‘जाड स्प्रिंगांचं यंत्र बसवा, एकदा दाबा, ५ एचपीचा पंप विजेविना चालेल. स्प्रिंग घातल्यापेक्षा जास्त शक्ती परत देते. दुप्पट दाबली की दुप्पट, आणि जितकी कडक तितकी जास्त.’ मलप्रभेकाठी ऊस असलेला माझा चुलतभाऊ आगाऊ रक्कम भरायला निघाला होता, म्हणून लिहितोय.

‘जास्त परत देते.’ साफ खोटं. किल्लीचं घड्याळ चालतं ते आपण किल्ली पिळताना केलेल्या कामावर. स्प्रिंग तेवढंच साठवते आणि परत देताना थोडं कमीच देते. बाकीचं उष्णतेत जातं.

‘दुप्पट दाबली की दुप्पट.’ इथे उलट स्प्रिंगला कमी लेखलंय. रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडलेला नियम असा: जितकी दाबाल किंवा ताणाल, त्या प्रमाणात तिचा विरोध वाढतो. समजा, ५० किलोची सिमेंटची गोणी अलगद ठेवली आणि स्प्रिंग ५ सेंटिमीटर दबली. दोन गोण्यांनी १० दबेल. विरोध शून्यापासून वाढत जातो, म्हणून शेवटच्या जोराच्या निम्मा धरून अंतराने गुणायचं. येते ती साठलेली ऊर्जा, ज्यूल या मापात: पहिल्या वेळी सुमारे १२.५ ज्यूल, दुसऱ्या वेळी ५०. म्हणजे चौपट! ताणलेल्या स्प्रिंगचाही हिशोब हाच.

पण ५० ज्यूल म्हणजे किती? ५ एचपीच्या पंपाला दर सेकंदाला सुमारे ३,७३० ज्यूल लागतात. आपली स्प्रिंग त्याला सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग चालवेल. एका मिनिटाला अशा जवळपास ४,५०० स्प्रिंगा हव्यात, प्रत्येकीवर दोन गोण्यांचा दाब, आणि वाटेतली गळती यात धरलेलीच नाही. मिनिट संपलं की सगळ्या पुन्हा दाबायच्या. सऱ्या भिजेपर्यंत हे कोण करणार?

‘जितकी कडक तितकी जास्त.’ सारख्याच अंतरापर्यंत दाबली तर खरं, पण तेवढा जास्त जोर लावायचा आपणच. जोर तोच असेल तर उलट होतं: तीच एक गोणी निम्म्या कडकपणाच्या स्प्रिंगवर ठेवा, ती १० सेंटिमीटर दबेल आणि २५ ज्यूल साठवेल.

भावाने पैसे थांबवलेत. तुमच्यापैकी कुणी भरणार असेल तर आधी यंत्र समोर तासभर चालवून दाखवायला सांगा, आणि खाली वाकून बघा, कुठे मोटारीची वायर किंवा डिझेलची नळी जोडलेली आहे का.